परदेशी संबंधांचा आरोप: छापण्याआधी कोणते कागद पाहायचे

प्रश्न असा आहे: एखाद्या राजकीय नेत्यावर किंवा त्याच्या जवळच्या संस्थेवर ‘परदेशी शक्तींशी संबंध’ असल्याचा आरोप होतो आणि चॅनेलांवर दोन-तीन दिवस दुसरं काही चालत नाही. अशा वेळी जिल्ह्यातल्या छोट्या दैनिकाने किंवा पोर्टलने काय छापावं, काय थांबवून ठेवावं? आणि वाचकाने त्यातलं किती खरं धरावं?

आधी सरळ उत्तर. बातमी किती ठिकाणी आली ते मोजू नका. तीन गोष्टी काढा: आरोप कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली आहे, तो आज कोणत्या टप्प्यावर आहे, आणि सगळ्या बातम्यांच्या मुळाशी माहिती देणारा एकच आहे का. या तिन्हींची उत्तरं हाती नसतील तर तुमच्याकडे फक्त ‘आरोप झाला’ एवढंच वृत्त आहे. ‘संबंध उघड’ असा मथळा त्यावर बसत नाही.

हा आरोप लाचखोरीसारखा नसतो. लाच प्रकरणात सापळा असतो, पंच असतात, नोटांना लावलेली पावडर असते. जमिनीच्या प्रकरणात सातबारा आणि फेरफार कुणालाही काढता येतो. हेरगिरीच्या आरोपात मात्र पुरावाच गोपनीय म्हणून झाकलेला असतो. शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ च्या कलम १४ नुसार सरकारी पक्षाच्या विनंतीवरून सुनावणीच्या वेळी लोकांना न्यायालयाबाहेर ठेवता येतं. आरोपी संशोधन संस्थेत किंवा संरक्षण खात्यात असेल तर ‘त्या कागदात गुपित असं काही नव्हतं’ हे पटवायला त्याला त्याच कागदाबद्दल बोलावं लागतं, आणि ते बोलणंच नवा गुन्हा ठरू शकतं. एका बाजूचं तोंड कायद्याने बांधलेलं, आणि दुसऱ्या बाजूने ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ रोज एक तुकडा बाहेर येतो. पत्रकार अगदी मधोमध उभा राहिला तरी काटा आधीच झुकलेला असतो, हे ध्यानात ठेवूनच या बातमीला हात घालावा.

त्याच कायद्याचं कलम ४ वाचून ठेवा. परदेशी हस्तकाचं नाव किंवा पत्ता एखाद्याजवळ सापडला, तर दोघांचा संपर्क होता असं न्यायालय गृहीत धरू शकतं आणि ते खोडून काढायचं काम आरोपीवर येतं. त्यामुळे ‘डायरीत नंबर सापडला’ ही ओळ कायद्याच्या दृष्टीने बिनमहत्त्वाची नाही. पण समोरचा माणूस हस्तक आहे, किंवा तसा संशय घ्यायला वाजवी आधार आहे, हे आधी ठरावं लागतं, आणि बातम्यांमधून नेमकी हीच पायरी गळते.

याचं आपल्या देशातलं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे १९९४ चं इस्रो प्रकरण. त्याच्या तारखा ओळीने लावून पाहिल्या तर काय चुकतं ते स्वच्छ दिसतं. २० ऑक्टोबर १९९४ ला तिरुवनंतपुरममध्ये मालदीवच्या मरियम रशीदा यांना अटक झाली ती व्हिसाची मुदत उलटूनही राहिल्याबद्दल, तेव्हाच्या फॉरेनर्स ॲक्टच्या कलम १४ खाली. त्या दिवशी कागदावर एवढंच होतं. शासकीय गुपिते अधिनियमाच्या कलम ३ आणि ४ खाली दुसरा गुन्हा दाखल झाला १३ नोव्हेंबरला, म्हणजे २४ दिवसांनी. वृत्तपत्रांमध्ये हेरगिरीच्या गोष्टी मात्र त्याआधीच सुरू झाल्या होत्या. ३० नोव्हेंबरला शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना अटक झाली. ४ डिसेंबरला तपास सीबीआयकडे गेला. हेरगिरीचा गुन्हा राज्य पोलिसांकडे जेमतेम तीन आठवडे होता, आणि लोकांच्या मनात जे ठसलं ते त्या तीन आठवड्यांतल्या बातम्यांनी.

आरोप होता क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रवरूप इंधनावर चालणाऱ्या रॉकेट इंजिनाचं तंत्रज्ञान पाकिस्तानला विकल्याचा. आता हे जवळून पाहा, कारण इथे कोणतंही गुपित न फोडता पडताळणी करता आली असती. क्रायोजेनिक इंजिनाचं तंत्रज्ञान त्या वेळी भारताकडे नव्हतंच. रशियाच्या ग्लावकॉसमॉस या संस्थेशी १९९१ मध्ये करार झाला, मे १९९२ मध्ये अमेरिकेने त्यावर निर्बंध लादले, आणि १९९३ मध्ये रशियाने तंत्रज्ञान देण्याचं कलम मागे घेऊन फक्त तयार इंजिनं द्यायचं मान्य केलं. हे सगळं १९९४ च्या आधी वर्तमानपत्रांत छापून आलेलं होतं. स्वदेशी क्रायोजेनिक टप्पा बसवलेलं जीएसएलव्ही रॉकेट यशस्वी झालं ते ५ जानेवारी २०१४ ला. दुसरं असं की या इंजिनात द्रवरूप हायड्रोजन लागतो आणि तो उणे २५३ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावा लागतो. आयत्या वेळी डागायच्या क्षेपणास्त्रात असं इंधन भरून ठेवता येत नाही, त्यामुळे अशा कामाला हे इंजिन उपयोगाचं नाही. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाला किंवा निवृत्त अभियंत्याला एक फोन केला असता तरी ‘जे आपल्याकडे नाही ते विकलं कसं, आणि घेणारा त्याचं करणार काय’ हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात छापता आला असता. परदेशी संबंधांच्या प्रत्येक आरोपात अशी एक तरी तांत्रिक बाब असते जी उघड माहितीवरून तपासता येते. गुपित कोणतं, हे विचारता येत नसलं तरी ‘असं गुपित असू शकतं का’ हे विचारता येतं.

राजकारण त्या प्रकरणाला लगेच चिकटलं. केरळमधल्या काँग्रेस पक्षात करुणाकरन आणि अँटनी गटांतला झगडा तेव्हा ऐन भरात होता. मुख्यमंत्री के. करुणाकरन यांच्या मर्जीतले मानले जाणारे पोलीस महानिरीक्षक रमण श्रीवास्तव यांचं नाव प्रकरणात ओढलं गेलं, आणि मार्च १९९५ मध्ये करुणाकरन यांना पद सोडावं लागलं. प्रकरण बंद करण्याचा सीबीआयचा अहवाल आला एप्रिल १९९६ मध्ये: हेरगिरीचे आरोप सिद्ध होत नाहीत, ते खोटे आहेत. २ मे १९९६ ला एर्नाकुलमच्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी तो स्वीकारला. मुख्यमंत्री पडले आणि आरोप पडला, यात तेरा महिन्यांचं अंतर आहे. त्यानंतर सत्तेवर आलेल्या डाव्या आघाडीच्या सरकारनेही राज्य पोलिसांकडून पुन्हा तपास करायचा घाट घातला. तो सर्वोच्च न्यायालयाने २९ एप्रिल १९९८ ला रद्द केला आणि आरोपींना प्रत्येकी एक लाख रुपये खर्चापोटी द्यायला सांगितलं. १४ सप्टेंबर २०१८ ला त्याच न्यायालयाने नंबी नारायणन यांना ५० लाखांची भरपाई देवविली. अटकेपासून २४ वर्षांनी. कोठडीत त्यांचे ५० दिवस गेले होते. काँग्रेसमधला एक गट, मग डावं सरकार. प्रत्येकाला तो आरोप आपापल्या वेळी सोयीचा वाटला. म्हणून हा दोष अमुक एका पक्षाचा किंवा अमुक विचाराच्या माध्यमांचा आहे असं मानून चालू नका.

आता पहिली गोष्ट, कायदा कोणता. ‘परदेशी संबंध’ नावाचा गुन्हा आपल्या कायद्यात नाही. बातमीत हा शब्द आला की त्याच्या खाली पाच वेगवेगळे कायदे असू शकतात आणि त्यांचं वजन अगदी वेगळं आहे. फेमा, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायदा १९९९, हा मुळात दिवाणी स्वरूपाचा आहे. त्यात रक्कम मोजता येत असेल तर त्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होतो. ईडीची फेमाखालची नोटीस आली म्हणून ‘मनी लाँडरिंग’ लिहिणं ही ढोबळ चूक आहे, आणि ती सर्रास होते. मनी लाँडरिंगचा कायदा वेगळा, पीएमएलए २००२. त्यात अटक होते, जामिनाच्या अटी कडक आहेत, आणि ईडी जी नोंद करते तिला ईसीआयआर म्हणतात, एफआयआर नाही. तिची प्रत आरोपीला देणं बंधनकारक नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलेलं आहे, त्यामुळे आरोपी ‘मला आरोपच माहीत नाहीत’ म्हणाला तर तो टाळाटाळच करतोय असं समजू नका. यूएपीएत, म्हणजे बेकायदा कृत्ये (प्रतिबंध) अधिनियमात, दहशतवादी कृत्यासाठी निधी गोळा करण्याचं कलम १७ आणि कटाचं कलम १८. शासकीय गुपिते अधिनियमात कलम ३. संरक्षणविषयक बाब असेल तर १४ वर्षांपर्यंत शिक्षा, नसेल तर ३ वर्षांपर्यंत.

पाचवा एफसीआरए २०१०, म्हणजे परदेशी देणग्यांचं नियमन करणारा कायदा. यावर थोडं थांबायला हवं, कारण राजकीय आरोपांत सगळ्यात जास्त गोंधळ याच कायद्याचा होतो. संस्थेची नोंदणी निलंबित होणं (कलम १३), रद्द होणं (कलम १४) आणि गुन्हा सिद्ध होणं या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन प्रशासकीय कारवाया आहेत. निलंबन १८० दिवसांचं असतं आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर आणखी १८० दिवस वाढवता येतं. वार्षिक विवरण, म्हणजे फॉर्म एफसी-४, वेळेत भरलं नाही म्हणूनही नोंदणी जाऊ शकते. ‘परवाना रद्द’ या दोन शब्दांवरून ‘परदेशी पैशावर देशविघातक कारवाया’ असं लिहिण्याआधी रद्द करण्याच्या आदेशातलं कारण वाचा. आदेश मिळत नसेल तर कारण समजलं नाही असं लिहा.

परदेशी देणगी कुणाला चालतच नाही, ते कलम ३ सांगतं: उमेदवार, आमदार-खासदार, न्यायाधीश, सरकारी नोकर, राजकीय पक्ष आणि त्यांचे पदाधिकारी, वृत्तपत्रांचे संपादक, मालक, वार्ताहर, व्यंगचित्रकारसुद्धा. आता ‘परदेशी स्रोत’ कुणाला म्हणायचं ही व्याख्या कशी हलली ते पाहा. २८ मार्च २०१४ ला दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटलं की वेदान्त समूहाच्या कंपन्यांकडून देणग्या घेऊन भाजप आणि काँग्रेस दोघांनीही या कायद्याचा भंग केला. २०१६ च्या वित्त विधेयकातून व्याख्या पूर्वलक्षी प्रभावाने बदलली गेली, आणि २०१८ च्या वित्त विधेयकातून तो बदल थेट ५ ऑगस्ट १९७६ पर्यंत मागे नेला. दोन्ही मोठ्या पक्षांवरचा ठपका कायद्याची व्याख्या मागच्या तारखेने बदलून पुसला गेला. त्या वेळी किती चॅनेलांनी ‘परदेशी पैसा’ म्हणून चर्चा लावल्या, आणि एखाद्या छोट्या संस्थेचं विवरण चुकलं तेव्हा किती लावल्या, हे ताडून पाहिलं की पक्षपात कुठे बसलेला असतो ते कळतं. तो खोट्या वाक्यांत क्वचित असतो. कोणती बातमी लावली आणि कोणती सोडली, यात तो असतो.

दुसरी गोष्ट, टप्पा. चौकशी, गुन्हा दाखल, अटक, पोलीस कोठडी, न्यायालयीन कोठडी, दोषारोपपत्र, आरोपनिश्चिती, खटला, निकाल, अपील. प्रत्येक बातमीत यातला आजचा टप्पा पहिल्या दोन परिच्छेदांत आलाच पाहिजे, असा नियम घालून घ्या. एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकावा असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे, पण दहशतवाद किंवा तत्सम संवेदनशील गुन्हे त्यातून वगळलेले आहेत, त्यामुळे यूएपीएचा एफआयआर बहुधा तिथे सापडणार नाही. मग रिमांडचा अर्ज आणि न्यायालयाचा आदेश हे दोन कागद मिळवायचे. बचाव पक्षाच्या वकिलाकडे ते असतात. मागितले तर बहुतेक वेळा मिळतात.

अटकेचा एक कागद विशेष महत्त्वाचा झालाय. अटकेच्या छापील फॉर्मवर ‘अटकेची कारणं’ असा रकाना असतो आणि त्यात ठरलेली वाक्यं असतात: पुरावा नष्ट होऊ नये म्हणून, साक्षीदारांवर दबाव येऊ नये म्हणून. ही वाक्यं कुठल्याही आरोपीला लावता येतात. ‘अटकेचे आधार’ त्याहून वेगळे: या माणसाने नेमकं काय केलं म्हणून त्याला धरलं. न्यूजक्लिक या वृत्तसंकेतस्थळाच्या प्रकरणात हाच फरक निर्णायक ठरला. ५ ऑगस्ट २०२३ ला न्यूयॉर्क टाइम्समध्ये चीनशी जोडलेल्या निधीबद्दल वृत्त आलं, १७ ऑगस्टला दिल्ली पोलिसांनी यूएपीएखाली गुन्हा नोंदवला, ३ ऑक्टोबरला संपादक प्रबीर पुरकायस्थ यांना अटक झाली. १५ मे २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ती अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदा ठरवले, कारण अटकेचे आधार लेखी दिलेले नव्हते. पुढे ६ नोव्हेंबर २०२५ ला मिहीर शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या मुंबईच्या प्रकरणात न्यायालयाने हा नियम सगळ्याच गुन्ह्यांना लावला: आधार लेखी, आरोपीला कळणाऱ्या भाषेत, आणि लगेच देणं शक्य नसेल तर निदान रिमांडसाठी हजर करण्याच्या दोन तास आधी. तेव्हा अटकेची बातमी करताना एक प्रश्न नेहमी विचारा: अटकेचे आधार लेखी दिले का, किती वाजता, कोणत्या भाषेत?

आणि न्यूजक्लिकच्या निकालाची दुसरी बाजूही तितक्याच ठळकपणे लिहायला हवी. त्यात आरोप खरे की खोटे यावर न्यायालय बोललेलं नाही. सुटका झाली ती प्रक्रियेच्या मुद्द्यावर. एका बाजूच्या माध्यमांनी अटक म्हणजे दोष असं लिहिलं, दुसऱ्या बाजूच्यांनी सुटका म्हणजे निर्दोषत्व असं लिहिलं; चूक एकच आहे. निर्दोष मुक्तता, दोषमुक्ती, जामीन आणि बेकायदा अटकेतून सुटका हे चार शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका.

यूएपीएत खटला चालवायला कलम ४५ खाली सरकारची मंजुरी लागते. तपासाचे कागद पाहून स्वतंत्र अधिकाऱ्याने ७ कामकाजी दिवसांत शिफारस करायची आणि पुढच्या ७ कामकाजी दिवसांत सरकारने निर्णय घ्यायचा, असं २००८ चे नियम सांगतात. ही मुदत बंधनकारक असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं. गुपिते अधिनियमात तर सरकारने अधिकृत केलेल्या तक्रारीशिवाय न्यायालय दखलच घेऊ शकत नाही. मंजुरीची तारीख ही बातमी असते, पण ती मागणारा वार्ताहर विरळा. दोषारोपपत्राची मुदत एरवी ६० किंवा ९० दिवसांची, यूएपीएत न्यायालय ती १८० दिवसांपर्यंत वाढवू शकतं. या तारखा कॅलेंडरवर टाकून ठेवा.

आपल्याकडच्या वार्ताहरांनी ‘समरी’चे, म्हणजे तपास बंद करताना पोलीस न्यायालयाला देतात त्या अहवालाचे प्रकार पाठच केलेले बरे. अ समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी किंवा पुरावा सापडला नाही. ब समरी म्हणजे फिर्याद जाणूनबुजून खोटी. क समरी म्हणजे खरी-खोटी असं काही नाही, गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची. तिन्हींना ‘प्रकरण बंद’ म्हणून मोकळं होणं हा आरोप झालेल्यावर अन्याय आहे, कारण ब आणि अ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तिसरी गोष्ट, मूळ एकच आहे का. याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण अमेरिकेतलं आहे. २०१६ च्या निवडणुकीत ट्रम्प यांच्या प्रचारमोहिमेचे सल्लागार कार्टर पेज यांच्यावर पाळत ठेवायला एफबीआयने गुप्त न्यायालयाकडे अर्ज केला. त्यात माजी ब्रिटिश गुप्तचर ख्रिस्तोफर स्टील यांनी जमवलेली माहिती होती, आणि जोडीला २३ सप्टेंबर २०१६ ची याहू न्यूजची एक बातमी होती. त्या बातमीचा स्रोत स्टीलच होते. एकच माणूस दोन दारांनी आत आला आणि दोन साक्षीदार असल्यासारखं दिसलं. डिसेंबर २०१९ मध्ये न्याय खात्याच्या महानिरीक्षकांनी या अर्जांमध्ये १७ गंभीर चुका आणि गाळलेल्या बाबी दाखवल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने स्टील यांच्या कागदांविषयीच्या आपल्या जुन्या बातम्यांतले भाग काढून दुरुस्त्या लावल्या. पण त्याच विषयाच्या तपासासाठी नेमलेल्या रॉबर्ट मुलर यांच्या अहवालाने २०१९ मध्ये दोन गोष्टी सांगितल्या होत्या: रशियाने निवडणुकीत पद्धतशीर ढवळाढवळ केली, आणि प्रचारमोहिमेने रशियन सरकारशी कट केल्याचं सिद्ध झालं नाही. निम्म्या माध्यमांनी पहिलं वाक्य धरून ठेवलं, निम्म्यांनी दुसरं. दोन्ही वाक्यं एकाच परिच्छेदात छापणं एवढंच करायचं होतं.

तपासायचं कसं? पाच चॅनेलांच्या बातम्या समोर ठेवा आणि शब्दांवर खुणा करा. पाचही ठिकाणी रकमेचा आकडा तोच, चुकीचं स्पेलिंग तेच, विशेषण तेच, तर तो एकाच व्हॉट्सॲप संदेशातून आलेला मजकूर आहे. अशा पाच बातम्या मिळून एक स्रोत होतो. ‘तपास अधिकारी’, ‘वरिष्ठ अधिकारी’ आणि ‘विश्वसनीय सूत्र’ ही तीन नावं एकाच माणसाची असू शकतात. त्याला नाव विचारा. नाव देत नसेल तर ‘हे रिमांड अर्जात आहे का’ एवढं विचारा. न्यायालयात सांगायला जे तयार नाहीत ते छापायची घाई तुम्ही करू नका. याला कायद्याचाही आधार आहे: न्यायालयीन कामकाजाचं मूळाबरहुकूम वृत्त बदनामीच्या कलमातून अपवाद म्हणून सुटतं, सूत्रांनी कानात सांगितलेलं सुटत नाही.

‘आरोपीने कबुली दिली’ हा मथळा तर बंदच करा. पोलिसांपुढची कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही; पूर्वी पुरावा कायद्याचं कलम २५ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३. मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२१ ला नीलेश नवलखा प्रकरणात माध्यमांसाठी जे निर्देश दिले त्यात हे स्पष्ट आहे: पोलिसांपुढची कबुली अशा रीतीने दाखवू नये की तो ग्राह्य पुरावा आहे असं लोकांना वाटेल. साक्षीदारांच्या मुलाखती घेऊन त्यांचं म्हणणं चघळणं, घटनेचं नाट्यरूपांतर करणं, दोषी-निर्दोष ठरवून टाकणं, हेही त्याच यादीत आहे. हा निकाल आपल्या उच्च न्यायालयाचा आहे. प्रत्येक संपादकाच्या टेबलावर त्याची प्रत असावी असं मनापासून वाटतं.

पोलिसांच्या पत्रकार परिषदेबद्दलही तसंच. ऑगस्ट २०१८ मध्ये भीमा कोरेगाव प्रकरणात महाराष्ट्र पोलिसांनी जप्त केलेली पत्रं पत्रकारांपुढे वाचून दाखवली. काही दिवसांतच मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरण न्यायप्रविष्ट असताना हे कसं करता असं विचारलं, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. चंद्रचूड यांनी आपल्या अल्पमताच्या निकालात त्यावर कडक शब्दांत लिहिलं. पत्र वाचून दाखवलं गेलं तर छापायचं का? छापा, पण सोबत चार गोष्टी द्या: मूळ पत्र कागदावर आहे की संगणकातली फाइल, ते कुणाच्या ताब्यातून कोणत्या पंचनाम्याने जप्त झालं, उपकरणाची हॅश व्हॅल्यू (नंतर मजकूर बदलला तर ते पकडून देणारा डिजिटल ठसा) जप्तीच्या वेळीच काढली का, आणि त्यावर सही किंवा पाठवल्याची नोंद आहे का. उत्तर मिळालं नाही तर ‘उत्तर मिळालं नाही’ हेही छापा.

समोरच्याचं म्हणणं घेण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी नुसती उरकली जाते. रात्री साडेनऊला फोन करायचा, उचलला नाही की ‘संपर्क होऊ शकला नाही’ लिहायचं. त्याऐवजी मुद्देसूद प्रश्न लेखी पाठवा: अमुक तारखेला अमुक कंपनीकडून अमुक रक्कम आली असा आरोप आहे, ती कोणत्या खात्यावर आली, कशासाठी, विवरणात दाखवली का. काही तास तरी द्या, आणि किती वाजता पाठवले ते बातमीत लिहा. आलेलं उत्तर शेवटच्या ओळीत ढकलू नका. वकिलाने बोलू नको म्हणून सांगितलं असेल तर गप्प राहणं हा संशयाचा पुरावा नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) ने तो हक्क दिलेला आहे.

शब्दांचा विचार करताना मथळ्यातल्या पक्षाचं नाव बदलून पाहा. तीच रक्कम, तोच देश, पण माणूस विरुद्ध बाजूचा. तरी तुम्ही ‘धागेदोरे’, ‘कनेक्शन’, ‘मास्टरमाईंड’ लिहिलं असतं का? ‘धागेदोरे परदेशात’ या शब्दांचा अर्थ फोन झाला, पैसे आले, की प्रवास केला? जे झालं ते क्रियापदाने सांगा. आरोपीच्या फोटोमागे दुसऱ्या देशाचा झेंडा लावणं तर निकाल देण्यासारखंच आहे.

सावधपणा म्हणजे प्रत्येक आरोप खोटा मानणं नव्हे. इस्लामाबादच्या भारतीय उच्चायुक्तालयातल्या अधिकारी माधुरी गुप्ता यांना एप्रिल २०१० मध्ये अटक झाली आणि मे २०१८ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने गुपिते अधिनियमाखाली दोषी ठरवून तीन वर्षांची शिक्षा दिली. तिथे कागद होता, खटला चालला, निकाल आला. आणि सरकारने राष्ट्रीय सुरक्षेचं नाव घेतलं की प्रश्न थांबतात, असंही नाही. मीडियावन वाहिनीच्या प्रकरणात ५ एप्रिल २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने बंद लिफाफ्यात दिलेल्या कागदांवर परवाना नाकारणं रद्द केलं. सुरक्षेचा दावा हवेतून करता येत नाही, त्याला आधार दाखवावा लागतो.

शेवटचा भाग पाठपुराव्याचा, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त हेळसांड इथेच होते. एक साधी तक्त्याची फाइल ठेवा: नाव, गुन्हा क्रमांक, कलमं, अटकेची तारीख, मंजुरी, दोषारोपपत्राची शेवटची तारीख, पुढची सुनावणी, आणि आपण छापलेल्या बातम्यांच्या लिंका. महिन्यातून एकदा न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर तपासा. पहिल्या पानावर आरोप छापला असेल तर समरी किंवा मुक्ततेची बातमीही पहिल्याच पानावर. ऑनलाइन जुनी बातमी काढून टाकू नका. तिच्या माथ्यावर तारीख घालून दोन ओळी टाका की या प्रकरणात पुढे असा आदेश झाला, आणि मथळाही बदला, कारण शोधल्यावर लोकांना फक्त मथळा दिसतो. ज्याच्याबद्दल चुकीचं छापून आलं त्याने आधी संपादकाला लेखी कळवावं. दैनिक किंवा साप्ताहिकाविरुद्ध प्रेस कौन्सिलकडे दोन महिन्यांच्या आत तक्रार करता येते. वाहिनीविरुद्धची तक्रार आधी वाहिनीकडेच करायची, तिने १५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो, आणि समाधान झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत स्वयंनियमन संस्थेकडे जाता येतं. कार्यक्रमाची तारीख, वेळ आणि चित्रफितीची प्रत त्याच दिवशी जपून ठेवा. तक्रारीत सगळ्यात आधी तेच मागतात.